क्रॅश गेला, चूक राहिली!

सर्वप्रथम एक खुलासा. मी बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मराठी विभागात माझा लेख बघून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पण हा विषय मी मुद्दाम मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिला असता तर अर्धा लेख डेफिनिशनमध्येच संपला असता. डेफिनिशन पाठ असली की विषय समजला असं वाटायला लागतं. मराठीत तशी सोय नाही. इथे सरळ सांगावं लागतं. म्हणून हा प्रपंच!

विषय आहे मोबाईल ॲपमधल्या बॅकग्राउंड थ्रेडचे एरर.

प्रोजेक्ट सबमिशनचा महिना आठवा. रात्री दीडच्या सुमारास कॉरिडॉरमधून आवाज येतो, "अगं, परत क्रॅश झालं!" आणि दहाच मिनिटांत दुसरा आवाज, "गेला गं एरर, झोपा आता!" मुलांच्या होस्टेलवर याहून काही वेगळं घडत असेल असं मला वाटत नाही. माझा हा लेख त्या मधल्या दहा मिनिटांबद्दल आहे. माझं स्पष्ट मत असं की त्या दहा मिनिटांत आपण बहुतेक वेळा क्रॅश घालवतो आणि चूक तशीच ठेवतो. ती चूक मग आपल्या लॅपटॉपवरून निघते आणि ज्याच्यासाठी ॲप बनवलं त्याच्या हातात जाऊन फुटते.

मेसचा काउंटर

ज्युनिअर्ससाठी आणि मेकॅनिकल-सिव्हिलच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या मेसच्या काउंटरवर वाढणारे काका एकच असतात असं समजा. रांग त्यांच्यासमोर. ताट पुढे आलं की भाजी, वरण, दोन पोळ्या, पुढचं ताट. प्रत्येक ॲपमध्ये असा एक मुख्य थ्रेड असतो, त्याला मेन थ्रेड किंवा यूआय थ्रेड म्हणतात. स्क्रीन रंगवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, बटण दाबलं की प्रतिसाद देणं, हे सगळं तो एकटा करतो. नेहमीची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगते, म्हणजे एका चित्रासाठी त्याच्याकडे जेमतेम १६ मिलिसेकंद असतात.

आता पीठ संपलं म्हणून हे काका स्वतःच डबा घेऊन गिरणीवर गेले तर? रांग जागच्या जागी थांबणार. म्हणून गिरणीवर पोऱ्याला पाठवायचं. हा पोऱ्या म्हणजे बॅकग्राउंड थ्रेड. सर्व्हरकडून माहिती आणणं, फोटो लहान करणं, डेटाबेसमध्ये शोधणं ही गिरणीची कामं त्याची.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. गडबड पुढे होते, आणि ती साधारण चार प्रकारची असते.

पहिली गडबड म्हणजे काका स्वतः गिरणीवर गेले. अँड्रॉइड ३.० पासून, म्हणजे २०११ पासून, मेन थ्रेडवरून इंटरनेटचं काम केलं की सिस्टीम ॲप तिथेच पाडते. तोच आपला प्रसिद्ध 'नेटवर्क ऑन मेन थ्रेड एक्सेप्शन'. इतर जड कामांना ती लगेच पाडत नाही, पण बोटाच्या स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही तर "ॲप प्रतिसाद देत नाही" अशी पाटी दाखवते. यालाच एएनआर म्हणतात.

दुसरी गडबड उलटी. पोऱ्या गिरणीवरून आला आणि काकांना न विचारता स्वतःच ताटात पोळ्या टाकायला लागला. बॅकग्राउंड थ्रेडने स्क्रीनला हात लावला की 'कॉल्ड फ्रॉम राँग थ्रेड एक्सेप्शन' येतो. ज्या थ्रेडने स्क्रीन बनवली त्यानेच तिला हात लावायचा, असा नियमच आहे. आयफोनच्या जगातही हेच. ॲपलने २०१७ साली एक्सकोड ९ मध्ये मेन थ्रेड चेकर नावाचा एक पहारेकरीच बसवला, तो असा आगाऊपणा चालू ॲपमध्ये पकडून दाखवतो.

तिसरी गडबड अशी की पोऱ्या पीठ घेऊन परत आला तेव्हा मेस बंद होऊन कुलूप लागलं होतं. फोन आडवा केला की अँड्रॉइड साधारणपणे जुनी स्क्रीन मोडून नवी बांधतं. उत्तर घेऊन आलेला थ्रेड जुन्या स्क्रीनला शोधत राहतो. कधी क्रॅश होतो, कधी मोडलेली स्क्रीन मेमरीत धरून ठेवतो आणि फोन हळूहळू जड होत जातो.

चौथी सगळ्यात वाईट. दोन पोऱ्यांनी एकाच वेळी एकाच वहीत लिहिलं. वहीत १० होते, दोघांनी १० वाचले, दोघांनी एक मिळवला, दोघांनी ११ लिहिले. हवे होते १२. याला रेस कंडिशन म्हणतात. ही शंभरदा चालवली तर नव्याण्णव वेळा बरोबर येते, आणि शंभरावी वेळ नेमकी एक्स्टर्नल सरांसमोर येते!

रामबाण उपायांचा बाजार

आता आपण करतो काय? होस्टेलवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काही रामबाण उपाय आहेत.

एक, स्ट्रिक्ट मोडमध्ये 'परमिट ऑल' लिहायचं. दोन ओळींत 'नेटवर्क ऑन मेन थ्रेड'चा एरर गायब. म्हणजे काकांना गिरणीवर जायची लेखी परवानगी देऊन टाकली. रांग तशीच थांबलेली! गंमत म्हणजे हा स्ट्रिक्ट मोड मुळात अशा चुका पकडण्यासाठी दिलेला आहे. आपण पोलिसालाच सुट्टीवर पाठवतो.

दोन, सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये गुंडाळायचा आणि कॅचचा कंस रिकामा ठेवायचा. एरर येतो, कंसात पडतो, मरतो. कोणालाच कळत नाही.

तीन, स्लीप. "दोन सेकंद थांबव गं, मग चालतं." चालतं, कारण आपल्या वाय-फायवर दोन सेकंदांत उत्तर येतं. जिथे सहा सेकंद लागतील तिथे काय?

चार, जुन्या पीडीएफमधला कोड जसाच्या तसा डकवायचा. आपल्याकडे फिरणाऱ्या नोट्समध्ये अजूनही एसिंकटास्क आहे. हा २००९ मध्ये अँड्रॉइड १.५ सोबत आला. सुरुवातीला सगळी कामं एकाच बॅकग्राउंड थ्रेडवर एकामागून एक करायचा. १.६ मध्ये तो एकाच वेळी अनेक थ्रेडवर करायला लागला. मग त्यातून इतक्या चुका व्हायला लागल्या की ३.० मध्ये परत एकामागून एक केलं गेलं. शेवटी २०२०च्या अँड्रॉइड ११ मध्ये तो कालबाह्य म्हणून जाहीर झाला. म्हणजे तोच कोड तीन काळांत दोन तऱ्हेने वागला. ज्याला हा इतिहास माहीत नाही त्याने तो डकवला तर तो नेमका काय डकवतोय हे त्याला तरी कसं कळणार?

हल्ली एआयला विचारायची सोय झाली आहे. मीही विचारते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपण विचारतो काय, तर "हा एरर काढून दे." ते बिचारं एरर काढून देतं! "हे काम कोणत्या थ्रेडवर चाललंय आणि कोणत्या थ्रेडवर चालायला हवं?" असं विचारलं तर उत्तर वेगळं येतं. पण तसा प्रश्न विचारण्यापुरता विषय आपल्याला आधी कळलेला असावा लागतो.

रावेरच्या मळ्यात

"एवढं काय, प्रोजेक्टच तर आहे!" असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी पुढची हकीकत.

गेल्या वर्षी माझ्या रूममेटच्या ग्रुपने एक ॲप बनवलं. आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ आलं की उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. शेतकऱ्याने पडलेल्या झाडांचा फोटो काढायचा, खोडांची संख्या टाकायची, "पाठवा" दाबायचं, की नोंद सर्व्हरवर. कल्पना चांगली होती. लॅबमध्ये वाय-फायवर झकास चाललं. कौतुक झालं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासोबत रावेरजवळ तिच्या मामांकडे गेले. मामांच्या मळ्यात उभं राहून ॲप चालवायचं ठरलं. फोन मामांचाच, चार-पाच वर्षांपूर्वीचा. नेटवर्कची एक काडी कधी दिसायची, कधी नाही. मामांनी फोटो काढला, "पाठवा" दाबलं. काहीच होईना. परत दाबलं. परत दाबलं. मग ती पाटी आली, ॲप प्रतिसाद देत नाही. मामा आमच्याकडे बघून ओशाळून म्हणाले, "पोरी, माझा फोनच बिघडलेला दिसतोय."

हे वाक्य मला फार लागलं. बिघाड कोडमध्ये, आणि ओशाळतोय कोण, तर ज्याचा काही संबंध नाही तो माणूस!

दुसऱ्या प्रयत्नाला तर कमाल झाली. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत "नोंद यशस्वी" आलं. मामा खूश. रात्री सर्व्हर उघडून बघितला तर नोंदच नाही. दुसऱ्या दिवशी रावेरला चांगल्या नेटवर्कमध्ये परत पाठवली, तर एका बागेच्या तीन नोंदी!

कारणं तीन निघाली, आणि तिन्ही थ्रेडची. पहिलं म्हणजे फोटो लहान करायचं काम मेन थ्रेडवर होतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो मेमरीत उघडला की एका पिक्सेलला ४ बाईट या हिशोबाने ४८ एमबी होतात. नव्या फोनला ते जाणवत नाही, जुना फोन धापा टाकतो. त्यात ऊन! मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास असतो, आणि फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. एसी लॅबमध्ये एक सेकंद लागणारं काम बांधावर पाच सेकंद खाऊ शकतं. दुसरं म्हणजे पाठवायचं काम बॅकग्राउंडला होतं खरं, पण रिकाम्या कॅचमध्ये. नेटवर्क नव्हतं, एरर आला, मेला, आणि पुढची "यशस्वी"ची ओळ इमानेइतबारे चालली. तिसरं म्हणजे बटण जितक्यांदा दाबलं तितके थ्रेड सुटले, प्रत्येकाने आपापली नोंद नेली.

आता विचार करा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पीकपेरा लिहायचे. आता शेतकऱ्याने शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढायची. म्हणजे मोबाईलवरचं एक बटण हे आज आपल्या घरच्या माणसांसाठी सरकारी कागद झालं आहे. नुकसानीची नोंद, विम्याची नोंद, बाजारभाव, बँक, सगळं त्या पाच इंचांत आलंय. आज आपण प्रोजेक्ट करतोय, दोन वर्षांनी आपल्यातलेच कोणी अशी ॲप्स बनवणाऱ्या कंपनीत बसतील. तिथेही हात तोच असेल, आणि सवय तीच असेल.

म्हणून मी म्हणते, क्रॅश परवडला. क्रॅश झालेलं ॲप निदान सांगतं की काम झालं नाही. माणूस तलाठ्याकडे जातो, सेतू केंद्रात जातो, काहीतरी करतो. खोटं "यशस्वी" दाखवणारं ॲप त्याला निश्चिंत करून घरी पाठवतं. मुदत संपल्यावर त्याला कळतं, तेव्हा हातात काही नसतं.

मंगळावरही हेच

हे फक्त आपल्यासारख्या शिकाऊ मंडळींचं दुखणं आहे असं समजू नका. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रिसेट व्हायला लागला. झालं होतं असं की हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या टास्कने एक कुलूप धरून ठेवलं होतं. जास्त महत्त्वाच्या टास्कला तेच कुलूप हवं होतं. आणि मधल्या महत्त्वाचं एक काम कमी महत्त्वाच्याला पुढे सरकूच देत नव्हतं. त्यामुळे मोठे साहेब ताटकळत राहिले, पहारा देणाऱ्या टायमरला वाटलं सिस्टीम अडकली, त्याने सगळं रिसेट केलं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला आपण प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणून टीप लिहितो ना, ती हीच.

तिथल्या इंजिनिअरांनी काय केलं? पृथ्वीवर तशीच दुसरी यंत्रणा होती. ती चालवत राहिले, प्रत्येक टास्क कधी सुरू, कधी बंद याची नोंद ठेवत राहिले, तोच बिघाड पृथ्वीवर घडवून दाखवला, आणि मग दुरुस्ती मंगळावर पाठवली. आधी बिघाड घडवून दाखवला, नंतर दुरुस्त केला. हा क्रम महत्त्वाचा! आणखी एक गोष्ट, असे रिसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसले होते, पण परत घडवता न आल्याने मागे पडले होते. "कधीतरीच होतं" म्हणून सोडून देण्याचा मोह तिथेही झाला, आपल्याला होतो यात नवल नाही.

दुसरं उदाहरण गप्प बसलेल्या चुकीचं. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. आपल्याला भारनियमनाची सवय, पण हे प्रकरण वेगळं होतं. ओहायोमध्ये तारा झाडांना टेकून एकेक लाईन बंद पडत होती. कंट्रोल रूममध्ये धोक्याची सूचना देणारं सॉफ्टवेअर मात्र रेस कंडिशनमुळे तासाभराहून जास्त वेळ मुकं झालं होतं. पडद्यावर सगळं आलबेल दिसत होतं. माणसं हुशार होती, जागेवर होती, पण त्यांना कोणी सांगितलंच नाही. आमच्या मामांचं "नोंद यशस्वी" आणि हे, जातकुळी एकच.

मग करायचं काय?

नुसती टीका करून पळून जाणं बरोबर नाही. रावेरहून परतल्यावर रूममेटच्या ग्रुपने चार दिवस बसून ते ॲप दुरुस्त केलं. त्यांना जे उपयोगी पडलं, ते इथे देते.

१) लॉगकॅट पूर्ण वाचा. लाल अक्षरं दिसली की आपण घाबरून पहिलीच ओळ गूगलवर टाकतो. खाली जा, शेवटचं "कॉज्ड बाय" शोधा, आणि त्याखाली आपल्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ बघा. चूक बहुधा तिथे किंवा तिच्या दोन-चार ओळी वर असते.

२) थ्रेडचं नाव छापा. शंका असेल तिथे सध्याच्या थ्रेडचं नाव लॉगमध्ये छापणारी एक ओळ टाका. "मेन" आलं की काका, दुसरं काही आलं की पोऱ्या. निम्मे वाद इथेच मिटतात.

३) एएनआर आला तर त्याची ट्रेस फाईल उघडा. त्यात प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करत होता ते लिहिलेलं असतं. मेन थ्रेड कुलपासाठी थांबलेला दिसला, तर ते कुलूप कोणत्या थ्रेडने धरलंय तेही तिथेच सापडतं. दोघे एकमेकांच्या कुलपासाठी थांबले असतील तर तो डेडलॉक.

४) स्ट्रिक्ट मोड पकडण्यासाठी वापरा. प्रोजेक्ट सुरू झाल्या दिवशी "डिटेक्ट ऑल" आणि "पेनल्टी लॉग" लावा. शेवटच्या रात्री एकदम पन्नास चुका दिसण्यापेक्षा रोज एक दिसलेली बरी.

५) परिस्थिती बिघडवून बघा. एम्युलेटरमध्ये नेटवर्क जीएसएम किंवा एजवर ठेवता येतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" लावलं की तुम्ही स्क्रीन सोडताच ती मोडली जाते. माहिती येत असताना फोन आडवा करा, मध्येच एअरप्लेन मोड लावा. जो बिघाड कधीतरी होतो, तो असा हुकमी करता आला की अर्धी लढाई जिंकली.

६) काम योग्य माणसाकडे द्या. आता कोटलिनमध्ये कोरूटीन आहेत. जड काम आयओ किंवा डिफॉल्ट डिस्पॅचरवर, स्क्रीनचं काम मेनवर, आणि ते व्ह्यूमॉडेलच्या स्कोपमध्ये बांधलं की फोन आडवा केला तरी काम चालू राहतं आणि स्क्रीन कायमची बंद झाली की आपोआप रद्द होतं. जे काम ॲप बंद झालं तरी पूर्ण व्हायलाच हवं, उदाहरणार्थ नोंद पाठवणं, ते वर्कमॅनेजरकडे द्या. साधी बॅकग्राउंड सर्व्हिस ठेवून भागणार नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेला फोन डोझमध्ये जातो, आणि २०१७च्या अँड्रॉइड ८ पासून ॲप मागे गेल्यावर त्याच्या सर्व्हिस काही मिनिटांत थांबवल्या जातात. आपल्या वॉर्डन मॅडमपेक्षाही सिस्टीम कडक आहे, वेळ संपली की बाहेर!

७) खरं बोला. रूममेटच्या ॲपमध्ये आता नोंद आधी फोनमध्येच साठते, तिला स्वतःचा एक वेगळा क्रमांक मिळतो, आणि स्क्रीनवर दिसतं, "फोनमध्ये जतन केली". नेटवर्क आलं की ती जाते. सर्व्हरने पोच दिली की मगच "पोचली" असं दिसतं. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर दुसरी नोंद करत नाही. मामांनी दहादा बटण दाबलं तरी बाग एकच राहते.

या सगळ्यात अवघड असं काहीच नाही. चार दिवस आणि थोडा संयम लागला.

सरांना आणि मॅडमना एक विनंती

आता थोडं धाडस करून लिहिते. आपल्याकडे थ्रेड हा विषय दोन ठिकाणी येतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरमध्ये "प्रोसेस आणि थ्रेडमधील फरक लिहा" म्हणून, आणि व्हायवामध्ये तोच प्रश्न तोंडी म्हणून. आम्ही टेबल पाठ करतो, मार्क मिळतात. पण ॲप मळ्यात का अडकलं, हे त्या टेबलावरून सांगता येत नाही.

प्रोजेक्टच्या डेमोला ॲप "चाललं पाहिजे" हा आमच्यावरचा सगळ्यात मोठा दबाव असतो. म्हणूनच रिकामे कॅच जन्माला येतात! क्रॅश झाला की मार्क जातात, खोटं "यशस्वी" दाखवलं की मार्क मिळतात. मग विद्यार्थी काय निवडणार?

शिक्षकांची अडचण मला समजते. साठ मुलांचा वर्ग, एक दिवस, बाहेरून आलेले परीक्षक. सगळा कोड वाचणं शक्य नाही. पण तीन मिनिटांची एक परीक्षा शक्य आहे. पहिल्या मिनिटाला एअरप्लेन मोड लावून "पाठवा" दाबायचं आणि ॲप काय बोलतं ते बघायचं. दुसऱ्या मिनिटाला माहिती येत असताना फोन आडवा करायचा. तिसऱ्या मिनिटाला होम दाबून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत यायचं. चार-चार जणांचे पंधरा ग्रुप धरले तर पाऊण तासात सगळा वर्ग होतो. आणि जर्नलमध्ये एक पान वाढवावं, "सापडलेली एक चूक, ती कशी घडवून दाखवली, आणि कशी काढली." ज्या ग्रुपकडे असं पान नाही त्यांचं ॲप निर्दोष आहे, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही!

काही मित्र म्हणतात, "कॅम्पसला हे कुठे विचारतात? तिथे ॲप्टिट्यूड विचारतात." असेल. पण बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव, आपण सगळे इथून पुण्या-मुंबईच्या मुलांशी स्पर्धा करायला जातो तेव्हा आपल्याकडे एक गोष्ट जास्त आहे. खराब नेटवर्क, जुने फोन, ४५ अंशांचं ऊन आणि दर सुट्टीत घरी भेटणारे खरे वापरकर्ते. बाहेरच्या टेस्टिंग टीमला ही परिस्थिती मुद्दाम तयार करावी लागते, आपल्याला ती एसटीच्या तिकिटात मिळते. तिचा आपण उपयोगच करत नाही, हे दुर्दैव.

शेवटी एवढंच म्हणावंसं वाटतं. एरर हा शत्रू नाही, तो निरोप्या आहे. काम चुकीच्या माणसाकडे गेलंय एवढंच तो सांगतो. निरोप न वाचता निरोप्यालाच गप्प केलं, की निरोप तिसऱ्याच माणसाला भोगावा लागतो. पुढच्या वेळी रात्री दीड वाजता एरर "गेला" असं ओरडण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि एकदा "पाठवा" दाबून बघा. ॲप खरं बोललं तर खुशाल झोपा. नाही बोललं तर खाली चहाची टपरी उघडी असेलच, एक कटिंग घ्या आणि परत बसा!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी